तमाकी मिउरा: बटरफ्लायनं तारलं की अडकवलं?

चंद्रकोर
मंडळी, तमाकी मिउरा हे नाव किती जणांनी ऐकलंय? १८८४ साली तोक्योत जन्मलेली सोप्रानो (उंच पट्टीची गायिका), परदेशी ऑपेरा कंपन्यांमध्ये मुख्य भूमिका करून गाजलेली पहिली जपानी गायिका. मी जपानात राहते, इथे नागासाकीच्या ग्लव्हर गार्डनमध्ये तिचा पुतळा आहे, बटरफ्लायच्या वेषात, जवळ लहान मुलगा. बटरफ्लाय म्हणजे इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या 'मादाम बटरफ्लाय' ऑपेरातली जपानी नायिका चो-चो-सान, अमेरिकन नवरा सोडून गेल्यावर शेवटी जीव देते ती. पुच्चीनीचाही पुतळा तिथेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडिलांनी संगीत शाळेत जायला परवानगी दिली पण अट अशी की आधी लग्न कर. केलं. मग उएनोच्या तोक्यो संगीत शाळेत सायकलवरून जायची, त्या काळी मुलगी सायकलवर म्हणजे रस्त्यात लोक थांबून बघायचे, पेपरात छापून यायचं. १९०३ मध्ये शाळेत ग्लुकचा ऑर्फेओ बसवला, जपानी लोकांनी केलेला पहिला ऑपेरा तोच म्हणतात, त्यात ही युरिडिची झाली होती. १९०९ मध्ये घटस्फोट, पेपरवाल्यांची पुन्हा चंगळ. मग डॉक्टर मासातारो मिउरांशी लग्न, १९१४ ला दोघं बर्लिनला, तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू आणि जपान जर्मनीच्या विरुद्ध. पळून लंडनला. तिथे ३१ मे १९१५ ला लंडन ऑपेरा हाउसमध्ये चो-चो-सान म्हणून उभी राहिली, आणि लंडनवर झेपेलिनमधून, म्हणजे जर्मन हवाई जहाजांतून, पहिले बॉम्ब पडले तेही त्याच रात्री!

त्यानंतर वीस वर्षं अमेरिका, युरोप. पण तिच्या गाजलेल्या भूमिका बघा: पुच्चीनीची बटरफ्लाय, मास्कान्यीची आयरिस, मेसाजेची मादाम क्रिसान्थेम, आणि १९२५ ला शिकागोत आल्डो फ्रांकेत्तीने खास तिच्यासाठी लिहिलेली नामिको-सान. चारही जपानी बाया, आणि चारही लिहिणारे युरोपातले पुरुष. मला खरंच ठरवता येत नाहीये, बटरफ्लायनं हिला तारलं की अडकवलं? तुम्हाला काय वाटतं?

बटाटेवडा
शीर्षक वाचून आधी वाटलं जीवशास्त्राचा धागा आहे. रुमाल टाकून ठेवतो, रात्री वाचतो.

खडूस
यात ठरवायचं काय आहे? तारलं. १९१५ मध्ये आशियातल्या बाईला लंडनच्या स्टेजवर मुख्य भूमिका मिळतेय आणि आपण शंभर वर्षांनी एसीत बसून विचारतोय की बाई तुम्ही अडकलात का.

पेटीमास्तर
चंद्रकोर ताई, छान विषय. मला ऑपेरातलं फार कळत नाही, पण तिची १९१७ च्या आसपासची अमेरिकन कोलंबियाची रेकॉर्ड ऐकली आहे, दुसऱ्या अंकातलं 'उन बेल दी'. भोंग्यासमोर उभं राहून गायच्या काळातली ती रेकॉर्ड, त्यामुळे खर्ज गायब आणि वरचा सूर पातळ येतो हे धरूनच ऐकायला हवं. तरीही आवाज मुळात लहान आणि उजळ आहे असं जाणवतं. अमेरिकेतल्या समीक्षकांनीही तेव्हा हेच लिहिलं होतं, आवाज लहान पण अभिनय आणि वावर असा की लोक डोळे काढत नसत. आणि बटरफ्लाय हे काम लहान आवाजाचं नाहीच हो. पहिल्या अंकात पंधरा वर्षांची मुलगी आणि शेवटच्या अंकात अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून आवाज काढायचा, तोही माइकशिवाय. त्यात ती वीस वर्षं टिकली याचा अर्थ आवाज कुठे खर्च करायचा आणि कुठे राखायचा याचं गणित तिला पक्कं होतं. तिला अडकवलं वगैरे तुम्ही ठरवा, मला ती हिशोबी गायिका वाटते.

राईनकाठी
वाचतेय. मी जर्मनीत असते, आमच्या शहराच्या ऑपेरात हौशी 'एक्स्ट्रा कोरस'मध्ये अधूनमधून उभी राहते त्यामुळे या विषयावर लिहिण्यासारखं बरंच आहे, ऑफिस सुटल्यावर लिहिते.

बटाटेवडा
जपानी लोक ऑपेरा गातात हे आज कळलं, मला ऑपेरा म्हटलं की विन्फ्रे आठवते.

खडूस
वडा, तुझा रुमाल परत घेऊन जा.

मिरजेचा_तंबोरा
खडूसरावांशी अर्धा सहमत. "एसीत बसून" वगैरे ठीक आहे पण प्रश्न चुकीचा नाही. हे बघा, बटरफ्लाय १७ फेब्रुवारी १९०४ ला मिलानच्या स्काला ऑपेरा हाउसात पहिल्यांदा झाला आणि सपशेल पडला, लोकांनी हुर्यो उडवली. पुच्चीनीने डागडुजी केली आणि मे महिन्यात ब्रेशात तोच ऑपेरा डोक्यावर घेतला गेला. १९०७ ला न्यूयॉर्कच्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन ऑपेरा) बटरफ्लाय म्हणून जेराल्डिन फॅरार, समोर कारुसो, प्रेक्षकांत स्वतः पुच्चीनी. म्हणजे मिउरा लंडनला उभी राहिली तेव्हा हा ऑपेरा ऑलरेडी हिट होता आणि किमोनो घातलेल्या गोऱ्या बायका ही सवयीची गोष्ट झाली होती. तिच्या मॅनेजरांनी विकलं काय तर "खरीखुरी जपानी". आवाज दुसऱ्या नंबरवर. एकदा तुमची विक्री अशी झाली की व्हायोलेटा किंवा तोस्कासारख्या युरोपियन नायिका मागायला गेलात तर लोक विचारणार, मग किमोनो कुठाय?

चंद्रकोर
@मिरजेचा_तंबोरा, अगदी हेच म्हणायचं होतं, माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

खडूस
आणि जी गोरी बाई आयुष्यभर फक्त वाग्नर या जर्मन संगीतकाराचे ऑपेरा गाते ती अडकलेली नसते का? तिला आपण स्पेशालिस्ट म्हणतो. एकच भूमिका उत्तम करणारे ढीगभर आहेत ऑपेरात.

मिरजेचा_तंबोरा
फरक आहे. ती बाई आवाजामुळे वाग्नर गाते, चेहऱ्यामुळे नाही.

दादरची_चिमणी
+१ तंबोरा

आकडेमोड
सगळीकडे लिहिलेलं असतं की मिउराने बटरफ्लायचे २००० प्रयोग केले, १९३५ ला कायमची जपानला परतली आणि १९३६ ला तोक्योच्या काबुकी-झा मध्ये दोन हजारांचा टप्पा साजरा केला. जरा बसून बघू. १९१५ ते १९३५ म्हणजे २० वर्षं, वर्षाला १०० प्रयोग, म्हणजे दर साडेतीन पावणेचार दिवसांनी एक. यात बोटीचे प्रवास, १९२२ ची जपानवारी, आजारपण, उन्हाळ्यात बंद असलेली थिएटरं, आणि बाकीच्या तीन भूमिका धरलेल्याच नाहीत. ही भूमिका म्हणजे बहुतेक वेळ स्टेजवर. माझा विश्वास नाही. कोणी समजावेल का?

पेटीमास्तर
आकडेमोड साहेब, दोन गोष्टी. एक म्हणजे ती मेटसारख्या एका जागी बसलेल्या घरात नव्हती, फिरत्या कंपन्यांत होती. आधी मॅक्स राबिनॉफची बॉस्टन ग्रँड ऑपेरा कंपनी, त्यांच्याबरोबर आन्ना पावलोव्हाचा बॅले पण असायचा, एकाच तिकिटात दोन्ही. नंतर सॅन कार्लो ऑपेरा कंपनी. ही सॅन कार्लो म्हणजे नेपल्सचं थिएटर नव्हे, फॉर्च्यून गॅलो नावाच्या गृहस्थाची अमेरिकेत गावोगाव स्वस्त तिकिटात ऑपेरा दाखवणारी कंपनी. रेल्वेने गाव, रात्री खेळ, सकाळी पुढचं गाव. त्यामुळे प्रयोग खूप होत असणार हे पटतं. दुसरं, मैफिलीत किमोनो घालून दोन आरिया (ऑपेरातली एकट्याने म्हणायची गाणी) म्हटल्या की तोही "बटरफ्लाय" मोजला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत प्रयोगांचे आकडे कसे वाढतात ते काय सांगायला हवं.

आकडेमोड
म्हणजे ट्रकवर लाउडस्पीकर लावून नाटकाची जाहिरात करणारी कंपनी, फक्त इटालियन. हे चाललं. पण २००० नाहीच.

बटाटेवडा
२००० वेळा आत्महत्या. एचआर काय म्हणत असेल.

राईनकाठी
आले. जरा लांब लिहिणार आहे, ज्यांना कंटाळा आहे त्यांनी वड्याचा पुढचा विनोद शोधावा.

मिउराचा काळ सोडून आजचं सांगते कारण मूळ प्रश्न त्याने जरा वेगळा दिसतो. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा घरं आहेत, छोट्या छोट्या शहरांत सुद्धा, आणि प्रत्येकाकडे पगारी कोरस, पगारी सोलोइस्ट. जगभरातून लोक इथे येतात त्याचं कारण हे, इटलीत नाव आहे पण पगार जर्मनीत आहे असं आमच्या कोरसमधले लोक गमतीने म्हणतात. जपानी आणि कोरियन गायक इथे भरपूर. आमच्या कोरसमध्ये माझ्या शेजारी जपानी सोप्रानो असते, नाव देत नाही. तिने जपानात संगीताची पदवी घेतली, इथे मास्टर्स केलं, मग ऑडिशनांचा रतीब. इथे एम्प्लॉयमेंट ऑफिसची कलाकारांसाठी वेगळी शाखा आहे, तिथेही गाऊन दाखवावं लागतं, मग ते तुम्हाला घरांकडे पाठवतात. प्रत्येक आवाजाचा एक 'फाख' ठरलेला, म्हणजे तुमच्या आवाजाचा खाना, आणि त्या खान्यातल्याच भूमिका मिळतात. ती लिरिक सोप्रानो, म्हणजे पामिना, मिमी, मिकाएला वगैरे.

सोलोइस्टचं कंत्राट वर्षावर्षाचं असतं. पुढच्या सीझनला ठेवणार नसतील तर ऑक्टोबर अखेरपर्यंत कळवावं लागतं, त्यामुळे ऑक्टोबर महिन्यात कँटीनमध्ये सगळे एकमेकांकडे बघत जेवतात. आणि एकाच घरात १५ वर्षं झाली की काढणं अवघड होतं, म्हणून बरीच घरं तेरा चौदा वर्षांवर आली की सरळ नारळ देतात. त्यावर व्हिसा अवलंबून. म्हणून माझ्या शेजारणीने सोलो सोडून कोरसची कायमची नोकरी घेतली. मुलं इथल्या शाळेत आहेत, घराचं कर्ज आहे. तिला मी एकदा विचारलं होतं की सोलोचं वाईट वाटतं का, तर म्हणाली वाईट वाटायला शनिवार रविवार मोकळे लागतात, आमचे नसतात. आणि मुद्द्याचं, तिला छोट्या शहरांतून गेस्ट म्हणून फोन कशासाठी येतात? बटरफ्लाय. तिच्या फाखात ती भूमिका बसतच नाही, ती जड आहे, तरी फोन येतात. ती नाही म्हणते, म्हणते माझा चेहरा गाणार नाहीये, माझा गळा गाणार आहे. खडूस, हे तुमच्यासाठी.

खडूस
नोंद घेतली. पण तुमच्या मैत्रिणीला नाही म्हणता येतं कारण तिला पगार आहे. मिउराला ही सोय नव्हती, तिला जहाजाचं तिकीट काढायचं होतं. त्यामुळे तारलं यावर मी ठाम.

राईनकाठी
हे मात्र मान्य.

पणजीकर
मला एक भाबडा प्रश्न आहे, जपानी लोकांना इटालियनमध्ये गायला जड जात नाही का? आम्हा गोंयकारांना लहानपणापासून चर्चचं क्वायर आणि सोलफेजची (दो-रे-मी म्हणत सूर वाचायची) सवय तरी असते.

राईनकाठी
@पणजीकर, उलट इटालियन सोपं जातं. जपानीत स्वर पाचच, स्वच्छ, बहुतेक अक्षरं स्वरात संपतात, इटालियनशी छान जुळतं. र आणि ल चा घोळ होतो. खरी फजिती जर्मनमध्ये, एका शब्दात तीन चार व्यंजनं चिकटलेली. शेजारीण म्हणते शुबर्टने तिचे जेवढे हाल केले तेवढे पुच्चीनीने केले नाहीत.

दादरची_चिमणी
पणजीकर, क्वायरवरून आठवलं, आपल्या पॅट्रिशिया रोझारिओ! मुंबईत जन्म, गोव्याचं कुटुंब, लंडनला गिल्डहॉलमध्ये शिकल्या आणि तिथेच करियर. जॉन टॅव्हनर या इंग्लिश संगीतकाराने त्यांच्या आवाजासाठी किती रचना लिहिल्यात. २०१६ ला चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्या कार्यक्रमात त्याच गायल्या. आणि गंमत, ते ऑपेरा हाउस १९११ चं आणि तोक्योचं इंपीरियल थिएटर, जिथे तमाकीबाई परदेशी जायच्या आधी गायच्या, तेही १९११ चंच. तुलना केली तर रोझारिओंना कोणी "भारतीय बाईची भूमिका" शोधून दिली नाही, कारण तेवढी गाजलेली भूमिकाच नाही. लाक्मे हा भारतीय नायिकेचा फ्रेंच ऑपेरा आहे, पण बटरफ्लायसारखी दर सीझनला होत नाही.

पणजीकर
देव बरें करूं चिमणीताई, त्यांचो आम्हाला अभिमान!

मिरजेचा_तंबोरा
लाक्मेचा मुद्दा झकास. भूमिका नसणं हेही एक प्रकारचं स्वातंत्र्य झालं म्हणायचं. किंवा बेकारी.

पेटीमास्तर
अवांतर होतंय पण रॉयल ऑपेरा हाउसला बालगंधर्वही गायलेत. ते बाईच्या भूमिकेत पुरुष, इथे जपानीच्या भूमिकेत जपानी. बालगंधर्वांना कोणी म्हणालं नाही की तुम्ही भामिनी आणि सिंधूत अडकलात.

खडूस
पेटीमास्तर काका, माझी बाजू घेतल्याबद्दल धन्यवाद.

पेटीमास्तर
मी कोणाचीच बाजू घेतली नाही, मी फक्त बालगंधर्वांची आठवण काढली.

बटाटेवडा
धागा चर्नी रोडला पोचलाय, पुढचं स्टेशन ग्रँट रोड.

चंद्रकोर
:) वाचतेय सगळं. जपानी बाजू थोडी सांगते. पुच्चीनीने यातलं जपानी संगीत उगाच हवेतून घेतलं नव्हतं. इटलीतल्या जपानी राजदूताच्या बायकोने, हिसाको ओयामांनी, त्याला गाणी ऐकवली होती, सादा याक्को ही जपानी नटी मिलानला आली तेव्हा तिला त्याने पाहिलं होतं. पहिल्या अंकात सरकारी अधिकारी येतो तिथे चक्क किमीगायो, म्हणजे जपानचं राष्ट्रगीत वाजतं. मिउरा रोममध्ये १९२० ला हे गायली तेव्हा पुच्चीनीने भेटून तिचं कौतुक केलं. आता कल्पना करा, अमेरिकेतल्या कुठल्यातरी रेल्वेच्या गावात ऑर्केस्ट्रा किमीगायो वाजवतोय, एक दलाल लग्न लावून देतोय, नवरा मनात "खरी अमेरिकन बायको" करायची ठरवतोय, आणि स्टेजवर एकटी जपानी बाई उभी. मला हे ऐकताना दर वेळी कसंतरी होतं. तिला झालं असेल की नाही देव जाणे.

दादरची_चिमणी
पण तंबोराने वर म्हटलं तसं चेहऱ्याचं राजकारण नंतर बदललं का? म्हणजे पुढच्या जपानी सोप्रानोंचं काय झालं?

मिरजेचा_तंबोरा
थोडं थोडं. मिउराची शिष्या नोबुको हारा, ती स्कालाशी करार मिळवणारी पहिली जपानी. मग यासुको हायाशी, १९७२ ला स्कालात पहिलं पाऊल, तेही चो-चो-सानच! पण १९८५-८६ चा स्कालाचा बटरफ्लाय शोधून बघा, व्हिडिओ मिळतो. गायिका हायाशी, दिग्दर्शक केइता आसारी, कपडे हानाए मोरी, हे सगळे जपानी, आणि कंडक्टर लोरिन माझेल. ज्या घरात १९०४ ला हा ऑपेरा पडला त्याच घरात जपान्यांनी येऊन सांगितलं की किमोनो असा नेसतात आणि असं बसतात. माझ्या मते तिथे पारडं जरा फिरलं. योको वातानाबे, लंडनचं कोव्हेंट गार्डन आणि मेट दोन्हीकडे बटरफ्लाय, २००४ ला गेली बिचारी, वय जेमतेम पन्नास.

राईनकाठी
आणि एरी नाकामुरा! तिला विसरू नका. कोव्हेंट गार्डनच्या तरुण कलाकारांच्या प्रोग्रॅममध्ये होती, २००९ ला बेल्लिनीच्या इ कापुलेती या रोमिओ-ज्युलिएटवरच्या ऑपेरात आन्ना नेत्रेब्कोच्या जागी ऐनवेळी जुलिएत्ता म्हणून उभी राहिली, समोर रोमिओ एलिना गारांचा. लोकांनी तिकीट काढलेलं नेत्रेब्कोसाठी. विचार करा हॉलमध्ये सुरुवातीला काय वातावरण असेल आणि शेवटी टाळ्या. मग म्युनिकच्या बायरिश स्टाट्सओपरच्या एन्सेम्बलमध्ये २०१० ते २०१६. मोझार्टची सुझाना वगैरे. म्हणजे शंभर वर्षांनी जपानी सोप्रानोची ओळख एका इटालियन मुलीच्या भूमिकेने झाली. हे बदललेलं आहे, मान्य करा.

मिरजेचा_तंबोरा
मान्य. फक्त हेही सांगा की नाकामुरानेही पुढे बटरफ्लाय गायलीच. व्हिएन्नाला.

खडूस
कारण भूमिका भारी आहे! इतकं सोपं उत्तर कोणालाच नको असतं.

आकडेमोड
खडूस, तुम्ही ऐकलीय का पूर्ण?

खडूस
पहिला अंक दोन वेळा. नंतर झोप लागते, खोटं कशाला बोलू.

दादरची_चिमणी
हहपुवा

पेटीमास्तर
मूळ प्रश्नाकडे यायला एक गोष्ट राहिली, कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. तिच्या शेवटच्या वर्षांची. दुसऱ्या महायुद्धात ती आईला घेऊन फुजीजवळच्या यामानाका तळ्याकाठी राहायला गेली. वय साठीला आलेलं, तब्येत ढासळलेली. युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५, तोक्यो बेचिराख झालेलं असताना हिबियाच्या सभागृहात तिने मैफल केली. तेव्हा तिने काय निवडलं? बटरफ्लाय नव्हे. शुबर्टची 'सुंदर गिरणीवाली', वीस गाण्यांची अख्खी मालिका. पुढच्या वसंतात शुबर्टचीच 'हिवाळी यात्रा'. एप्रिल १९४६ मध्ये आजारी अवस्थेत रेडिओसाठी ध्वनिमुद्रण केलं आणि २६ मे ला गेली.

आता बघा, या दोन्ही मालिका एका तरुण पुरुषाच्या तोंडी आहेत, प्रेमभंग झालेल्या. त्यात किमोनो नाही, जपान नाही, कोणी मॅनेजर नाही, तिकीटबारीचा हिशोब नाही. १९१४ ला बर्लिनला ती गेली तेव्हा लिली लेमानसारख्या नावाजलेल्या जर्मन गायिकेकडे शिकायचा बेत होता, युद्धाने तो मोडला. मला वाटतं मुळात तिला ज्या गाण्यासाठी जर्मनीला जायचं होतं ते तिने तीस वर्षांनी, कोणी विचारणारं नसताना, स्वतःहून गाऊन घेतलं. त्यामुळे चंद्रकोर ताई, माझं उत्तर असं की अडकली होती, आणि तिला ते माहीत होतं.

चंद्रकोर
काका, दंडवत. हिवाळी यात्रेचं मला माहीतच नव्हतं.

खडूस
पेटीमास्तर, छान लिहिलंत पण निष्कर्ष ओढूनताणून. साठीतल्या आजारी बाईला अडीच तासांचा बटरफ्लाय झेपणार होता का? शुबर्टला एक पियानो पुरतो. त्या डिसेंबरात तोक्योत ऑर्केस्ट्रा, सेट, किमोनो आणायचे कुठून?

पेटीमास्तर
पियानोवर बटरफ्लायच्या आरिया पण होतात खडूसराव, आयुष्यभर त्याच तर म्हटल्या होत्या मैफिलीत. लोकांनाही त्याच हव्या असणार. तरी निवडलं शुबर्टला.

खडूस
हम्म. झोपून विचार करतो.

राईनकाठी
पेटीमास्तर काका, हे शेजारणीला सांगितलं आज रिहर्सलच्या ब्रेकमध्ये. तिला मिउराचा शुबर्ट माहीत होता, रेकॉर्डिंग घरी आहे म्हणाली, आईने दिलेलं. तिचं मत खडूससारखं आहे बरं का, म्हणते मिउरा नसती तर आमच्या आईबापांनी आम्हाला युरोपात पाठवलंच नसतं, तुम्ही लोक फार विचार करता. मग लगेच बेल झाली आणि आम्ही आत गेलो.

खडूस
त्यांना माझा नमस्कार सांगा.

आकडेमोड
त्यांना २००० चं पण विचारा ना.

राईनकाठी
विचारलं. म्हणाली सॅन कार्लो कंपनीच्या वेळापत्रकांची कात्रणं अमेरिकेतल्या जुन्या पेपरांत असतील, बसा मोजत.

आकडेमोड
बसतो. १९१५ पासून सुरुवात करतो, कोणाला वर्षं वाटून घ्यायची असतील तर व्यनि करा.

बटाटेवडा
मला १९२२ द्या, त्या वर्षी ती बरेच दिवस जपानलाच होती.